डावीकडची चौथी फळी

"फटी कुठे गेल्या?" आत्याने विचारलं.

शेडमध्ये आल्यापासूनचं तिचं हे पहिलं वाक्य. येऊन दहा मिनिटं झाली होती आणि तेवढ्यात तिने काठी टेकत होडीभोवती एक पूर्ण फेरी मारली होती. खुब्याचं हाड मोडल्यावर सव्वादोन वर्षं ती लेकीकडे राहिली होती, त्यामुळे काम सुरू झाल्यापासून होडी ती आज पहिल्यांदाच बघत होती. थोरला भाचा तिच्या एक पाऊल मागून चालत होता, हात पाठीशी बांधून. माणूस अठ्ठावन्न वर्षांचा, बाजारपेठेत घड्याळदुरुस्तीचं स्वतःचं दुकान, पण चेहरा प्रगतिपुस्तक सहीला दिलेल्या मुलाचा.

"बुजवल्या," तो म्हणाला. "एकही शिल्लक नाही. सगळ्यात मोठी तीन मिलिमीटरची होती, तीसुद्धा."

"कशाने बुजवल्यास?"

"दोन डब्यांची पुट्टी येते. दोन्हींतलं सारख्या वजनाचं घ्यायचं, कालवायचं आणि वीस मिनिटांत भरायचं. दुसऱ्या दिवशी दगड." त्याने बोटाच्या पेराने होडीच्या अंगावर टकटक केलं. आवाज खरंच दगडाचा आला.

आत्याने अंगठ्याचं नख दोन फळ्यांमधल्या रेषेवर ठेवलं आणि पुढच्या टोकापासून हात पोचेल तिथपर्यंत ओढत नेलं. नख कुठेही अडकलं नाही. आता शाबासकी येणार, असं थोरल्याला वाटलं. सव्वीस महिन्यांतले एकशे बारा रविवार त्याने इथे घातले होते. कोणी विचारलं नसतानाही त्याने ते मोजले होते.

"छान केलंयस," आत्या म्हणाली. "आता काढ ती."

होडीच्या आत बसून बाक ठोकत असलेल्या धाकट्याचं डोकं काठावरून वर आलं. हा बस चालवायचा, आणि आवाजामुळे त्याला घरात आणि डेपोत सगळे भोंगा म्हणत. "काय काढ?"

"पुट्टी."

"कुठली?"

"सगळी."

भोंग्याने थोरल्याकडे पाहिलं, थोरल्याने आत्याकडे.

"आत्या, पुढच्या रविवारी होडी पाण्यात जायची आहे. चाळीस माणसांना बोलावणं गेलंय."

"म्हणूनच आज सांगतेय. लाकूड पाण्यात गेलं की फुगतं. फट त्याच्यासाठी असते. तू त्याची जागा दगडाने भरलीस. आता ते कुठे जाईल?"

"थोडं फुगतं, मला माहीत आहे. पण रंगाचे तीन हात दिलेत. पाणी आत शिरणारच नाही, असं डब्यावर लिहिलंय."

"डबा कधी होडीत बसलाय?"

आतून भोंग्याचं हसू ऐकू आलं आणि लगेच हातोडीचे दोन ठोके.

थोरल्याला विषय बदलायचा होता. दाखवण्यासारखं अजून पुष्कळ होतं. तो तिला डाव्या अंगाला घेऊन गेला. "हे बघ, आधीच्या लोकांनी काय घोळ घातले होते ते मी निस्तरलेत. ही खालून चौथी फळी. बाकी एकवीस एका लाकडाच्या, ही एकटी भलत्याच लाकडाची. अर्धा इंच अरुंद. आतून बघ, सगळीकडे बारीक आडवे चरे. कुठल्या गाढवाने बसवली कोण जाणे. बदलणार होतो, तसं लाकूड मिळालं नाही म्हणून राहिली."

आत्याने वाकून फळी पाहिली. जरा जास्तच वेळ.

"गाढवाने," ती म्हणाली. मग तिने खुर्ची मागितली.

थोरल्याने खुर्ची आणून दिली आणि पुढच्या कामाला लागला, म्हणजे लागल्यासारखं केलं. आत्या साधीसुधी बाई असती तर त्याने तिचं बोलणं कानाआड केलं असतं. पण ही होडी पाव पोचवायची तेव्हा सुकाणूवर बाबा असत आणि इंजिनावर आत्या. बावीस फुटांची ही 'पाववाली' रोज पहाटे घरच्या बेकरीतून भरून तलावाच्या पलीकडच्या काठावरच्या तीन गावांना जायची. पूल झाला आणि पाव टेम्पोने जायला लागले, त्याला एकतीस वर्षं झाली. तेव्हापासून ती या शेडमध्ये वाळत पडली होती.

थोरल्याला सुकाणू एकदाच मिळालं होतं, सोळाव्या वर्षी. त्याने होडी धक्क्यावर नेऊन आदळली. बाबांनी आवाज चढवला नाही. "तुझ्या हाताला लाकूड कळत नाही," एवढंच म्हणाले, आणि पुढच्या महिन्यात त्याला घड्याळजीच्या हाताखाली बसवलं. बाबा जाऊन आता नऊ वर्षं झाली होती. वाक्य काही गेलं नव्हतं.

---

बाहेर नळावर मधली बहीण ब्रश धूत होती. भोंगा तिच्यामागे येऊन उभा राहिला आणि त्याच्या मते हळू आवाजात म्हणाला, "ताई, मी आत्ताच सांगून ठेवतो. मी खरवडणार नाही."

"कोणी सांगितलंय तुला?"

"अजून नाही. पण आत्या खुर्चीवर बसली की काय होतं ते तुला माहीत आहे. ती उंटावरून शेळ्या हाकणार आणि शेळी मी. आपण दादाच्या बाजूने राहू. दोन वर्षं त्याने डोळ्याला ते भिंग लावून एकेक रेघ भरलीय."

मधलीने ब्रश झटकला. चौकात तिचं शिवणाचं दुकान होतं आणि दर वर्षी शाळा उघडायच्या आधी ती दोनशेच्या वर गणवेश शिवायची. "मला आत्याचं पटतंय," ती म्हणाली. "मी प्रत्येक शिवणीत बोटभर कापड जास्तीचं सोडते. पोर वाढलं की उसवायचं आणि सैल करायचं. घट्ट शिवून दिला तर सहा महिन्यांत काखेत फाटतो."

"होडी काय शाळेत जातेय?"

"पाण्यात जातेय ना."

"रंगाचे तीन हात दिलेत."

"इस्त्री केली म्हणून पोर वाढायचं थांबतं का?"

भोंग्याने नळाखाली हात धरले. पाणी ओंजळीत भरलं, सांडलं. अचानक तो म्हणाला, "ताई, होडीत आपण आंघोळ करायचो, आठवतं?"

"न आठवायला काय झालं. गरमीच्या पहिल्या दिवसांत. बाबा धक्क्याला बांधून काठोकाठ भरायचे. तू तर तळाशी बसून श्वास कोंडायचास आणि मी रडायचे."

"आणि दादा काठावर दोरी धरून उभा. लाइफगार्ड."

"दोन दिवस. फक्त दोन दिवस असायचं ते. तिसऱ्या दिवशी बाबा पाणी उपसून टाकायचे. आपण किती हट्ट केला तरी तिसरा दिवस कधी मिळाला नाही."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. नळ तसाच वाहत होता.

"दर वर्षी," भोंगा म्हणाला.

"दर वर्षी," मधली म्हणाली.

"म्हणजे ते आपल्यासाठी नव्हतं?"

मधलीने नळ बंद केला. "जा, दादाला सांग."

"मी? मी त्याच्या बाजूने आहे."

"होतास."

---

वहिनीचं, म्हणजे थोरल्याच्या बायकोचं, औषधांचं दुकान रविवारी बंद असे आणि त्यामुळे शेडमध्ये सगळ्यांसाठी जेवण आणणं तिच्याकडे आलेलं होतं. ती डबे घेऊन पोचली तेव्हा आत जोरात वाद चालला होता, म्हणजे भोंगा बोलत होता. तिचा नवरा होडीला पाठ लावून, हाताची घडी घालून उभा होता. दोन वर्षांत त्याचे रविवार तिने या होडीला देऊन टाकले होते आणि त्याबद्दल तिची फारशी तक्रार नव्हती. इथे आलेला माणूस घरी परत जाताना शीळ घालत जायचा. आज त्याचे ओठ मिटलेले होते.

"ते आपल्यासाठी होतं," तो म्हणत होता. "बाबांनी आयुष्यात आपल्यासाठी केलेली ती एक गंमत. ती पण आता तुम्ही लाकडाला देऊन टाका."

"दोन्हीसाठी होतं," आत्या खुर्चीतून म्हणाली. "तुझ्या बापाने कुठलंही काम कधी एकाच कारणासाठी केलं नाही. होडीला पाणी पाजायचंच होतं, म्हणाला पोरांनाही सोडू."

"मग मला कधी का नाही सांगितलं?"

वहिनीने डबे बाकावर ठेवले. तिला एवढं कळलं होतं की दोन बाजू आहेत, दोन्हीकडे माहिती कमी आहे आणि आवाज पुरेसा आहे.

"वाद कशाला घालता?" ती म्हणाली. "एक तुकडा भिजवा आणि मोजा."

"कसला तुकडा?" भोंग्याने विचारलं.

"याच लाकडाचा. कापलेले तुकडे असतीलच की कोपऱ्यात. अहो, तुम्ही मोजा, म्हणजे नंतर तक्रार नको."

थोरल्याने घडी सोडली. मोजायचं म्हटल्यावर तो नाही म्हणू शकत नाही, हे सत्तावीस वर्षांच्या संसारात तिला कळून चुकलं होतं. त्याने मागच्या टोकाच्या जुन्या फळीचा तुकडा शोधला, करवतीने त्याची बोटभर जाडीची चकती काढली, खिशातला कॅलिपर काढला आणि तीन ठिकाणी मोजून सरासरी काढली.

"रुंदी चौऱ्याऐंशी पूर्णांक दोन," त्याने जाहीर केलं. "मिलिमीटर."

वहिनीने रंगाच्या डब्याच्या झाकणावर खडूने आकडा लिहिला. स्टोव्हवर तापलेलं पाणी बादलीत ओतलं, चकती टाकली, वर एक वीट ठेवली.

"तीन तास," ती म्हणाली. "तोवर जेवून घ्या. आणि जेवताना होडीचा विषय नको."

होडीचा विषय न काढता पाच जणांनी जेवायचं म्हणजे मोठीच शिक्षा होती. भोंग्याने डेपोतल्या नव्या बसच्या दाराबद्दल सांगितलं. ते उघडतं छान, पण बंद मात्र त्याच्या मनात आलं तरच होतं. मधलीने एका गिऱ्हाइकाचा कोट तिसऱ्यांदा सैल करून दिल्याचं सांगितलं आणि भोंगा म्हणाला, ताई, तू हे मुद्दाम सांगतेयस. आत्या निवांत जेवली. थोरल्याने चार वेळा बादलीकडे आणि सहा वेळा घड्याळाकडे बघितलं. वहिनीनेही ते मोजलं. संसर्ग असतो एकेक.

तीन तासांनी त्याने चकती पुसली आणि मोजली. मग कॅलिपर शून्यावर आणून परत मोजली. मग तिसऱ्या ठिकाणी.

"किती?" वहिनीने खडू उचलला.

"पंच्याऐंशी पूर्णांक तीन."

"एक पूर्णांक एक वाढली." तिने खाली लिहिलं. "एका बाजूला किती फळ्या?"

"अकरा," भोंगा म्हणाला.

"बारा पूर्णांक एक मिलिमीटर. एका बाजूला. अहो, हे बारा मिलिमीटर जायचे कुठे?"

थोरला झाकणावरच्या आकड्यांकडे बघत राहिला. गुणाकार त्याने खडूच्या आधीच केला होता, हे तिला त्याच्या मानेवरून दिसलं. एका क्षणी वाटलं, आता तो म्हणेल की चकती पातळ होती, पाणी गरम होतं, रंग नव्हता. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पण तो म्हणाला ते वेगळंच.

"म्हणजे बाबा म्हणाले ते बरोबर होतं. माझ्या हाताला लाकूड कळत नाही."

वहिनीने खडू खाली ठेवला. हे वाक्य घरात कधी उच्चारलं जात नसे, आणि तरी ते सगळ्यांना पाठ होतं.

"त्या गाढवाचं नाव सांगू?" आत्या म्हणाली.

"कुठल्या?"

"चौथी फळी बसवणाऱ्या."

थोरल्याने वर पाहिलं.

"तुझा बाप," आत्या म्हणाली. "होडी घेतली त्याच्या पहिल्याच वर्षी. तू जन्मायचा होतास. पावाला पाण्याचा थेंब लागायला नको म्हणून त्याने राळेत विटेची भुकटी कालवली आणि एकूणएक फट बुजवली. इतकी गुळगुळीत की नख अडकायचं नाही. मलाही ओढत नेऊन दाखवलं होतं, तू आज दाखवलंस तसंच. होडी पाण्यात घातली. तीन दिवस थेंब नाही. तो तर हवेतच. चौथ्या दिवशी तलावाच्या मधोमध फाडकन आवाज झाला. मला वाटलं, इंजिन गेलं. इंजिन ठणठणीत. फळीच खिळ्यांतून उपटून बाहेर आली होती. मी डबे डबे पाणी उपसतेय, हा शर्ट काढून भोकात कोंबतोय, आणि दोनशे पाव तलावावर तरंगताहेत. पुढे आठ दिवस बदकं आमच्यामागे यायची."

भोंगा हसायला लागला होता, पण आवाज न करता. त्याच्यासाठी ते अवघड काम होतं.

"नवीन फळीसाठी थांबायला सवड नव्हती. लोकांना दुसऱ्या दिवशी पाव हवा होता. म्हणून त्याने बेकरीतल्या कणीक मळायच्या टेबलाची एक फळी काढली आणि ठोकली. तू चरे म्हणतोस ते पीठ खरवडायच्या पत्र्याचे आहेत."

थोरला होडीत चढला. खाली वाकून त्याने त्या फळीच्या आतल्या अंगावर तळहात ठेवला आणि फिरवला. दोन वर्षं ज्यांचा अर्थ लागत नव्हता ते चरे सगळे एकाच दिशेचे होते, एकाच हाताच्या झोकाचे.

"आणि ते वाक्य?" आत्याचा आवाज खाली आला होता. "ते त्याचं नव्हतंच. फळी बघायला गावातला म्हातारा सुतार आला होता. सगळ्यांसमोर म्हणाला, 'तुझ्या हाताला लाकूड कळत नाही, तू पीठच मळ.' तुझ्या बापाने ते सोळा-सतरा वर्षं जपून ठेवलं आणि मग तुला दिलं. दुसरं काही द्यायला नव्हतं वाटतं."

"तू कधी बोलली नाहीस, आत्याबाई," मधली म्हणाली. ती तिला बाई फक्त रागात म्हणायची.

"पोरांना सांगू नकोस म्हणाला होता. साठ वर्षं तोंड शिवून बसले. पण आज हा त्याला गाढव म्हणाला, आणि उद्या पुढचा कोणीतरी याला म्हणेल. किती दिवस एकच फळी बदलत बसायची?"

होडीतून खरवडण्याचा आवाज आला. टोकदार, किरकिरा, चिवट. सगळे काठाशी गेले. थोरला गुडघ्यांवर बसून चौथ्या फळीच्या वरची रेघ उकरत होता.

"भोंग्या," तो मान वर न करता म्हणाला, "दुसरं पातं त्या खोक्यात आहे."

"मी सांगितलं होतं ताईला," भोंगा बाह्या सरसावत म्हणाला. "शेळी मीच."

---

भोंग्याला त्या आठवड्यात दोन गोष्टी समजल्या. एक, दगडासारखी पुट्टी गरम हवा मारली की चीजसारखी मऊ होते, पण फक्त चाळीस सेकंद. दोन, आपल्या घरातले सगळे एकाच वेळी एकाच बाजूला असले तर काम भराभर होतं, पण भांडायला कोणी उरत नाही आणि करमत नाही.

बसची पाळी संपली की तो सरळ शेडमध्ये यायचा. मधली कापसाच्या वाती वळायची आणि बोथट छिन्नीने फटीत बसवायची. तिने एका संध्याकाळी थोरल्याला शिकवलं: ठोकायचं नाही, थोपटायचं. थोरला दोन वाती घट्ट ठोकून बसला आणि तिने दोन्ही उपसून काढल्या. तिसरी तिने राहू दिली. वर भरायला मऊ लुकण हवं होतं, खडूची भुकटी आणि जवसाचं तेल. ते वहिनीने दुकानातल्या खलात घोटलं आणि मलमांच्या डब्यांतून पाठवलं. एका डब्यावर सवयीने चिठ्ठी लावली होती: दिवसातून दोनदा, बाहेरून लावण्यासाठी.

आत्या खुर्चीवर होतीच. "इंजिन बसवू नका रे आत्ता," तिने बजावलं. "इंजिनाला पोहता येत नाही."

रविवारी चाळीसची सत्तेचाळीस माणसं झाली. पाववालीला ट्रकने उतारावरून पाण्यात सोडलं तेव्हा टाळ्या पडल्या. नवा हिरवा रंग, कडेला पांढरी पट्टी. ती तरंगली, डोलली आणि सगळ्या फटींतून एकदम पाणी प्यायला लागली.

टाळ्या हळूहळू विरल्या. पाणी तळावर पसरलं, बाकाच्या पायांना लागलं. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पलीकडच्या काठाहून आलेले एक म्हातारे गृहस्थ सौजन्याने म्हणाले, "रंग मात्र छान आहे."

भोंग्याने थोरल्याकडे पाहिलं. तो धक्क्यावर दोरी धरून उभा होता, लहानपणी उभा राहायचा तसाच. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. चाळीस माणसांसमोर बुडणारी होडी ही त्याची दोन वर्षांची भीती होती, आणि ती आता खरोखर, सावकाश, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बुडत होती. पण त्याने दोरी सोडली नाही आणि नजरही.

मग भोंगा एका खोक्यावर चढला. आयुष्यात एकदा तरी हा आवाज कामाला यायला हवा होता.

"प्रवाशांनी लक्ष द्या. ही गाडी ठरल्याप्रमाणे बुडत आहे. पुढचा थांबा तळ. तिथे गाडी दोन दिवस विश्रांती घेईल. घाबरून कोणीही उडी मारू नये. लहान मुलांनी मात्र अवश्य मारावी."

मग मुलांपैकी एकीने चपला काढल्या. पाच मिनिटांत होडीत अकरा मुलं होती, पाणी काठोकाठ होतं आणि मधली काठावरून ओरडत होती की तळाशी बसून श्वास कोंडायचा नाही.

भोंग्याने खोक्यावरून बघितलं. थोरला दोरी धरून हसत होता. ओठ मिटलेले नव्हते. शीळ यायच्या बेतात होते.

---

मंगळवारी दुपारी त्यांनी पंप लावून पाणी उपसलं. होडी इंचाइंचाने वर आली. भोंगा आणि मधली इंजिन हातगाडीवर घेऊन धक्क्यावर थांबले, वहिनी दुकान दोन तास बंद ठेवून आली आणि आत्यासाठी शेडमधली खुर्ची आणली गेली.

थोरला एकटा होडीत उतरला. तळ फडक्याने कोरडा केला आणि फळी फळी बघत गेला. उजवीकडे काही नाही. डावीकडे पहिली, दुसरी, तिसरी, काही नाही. चौथ्या फळीच्या वरच्या रेघेत एक थेंब फुगला, लोंबला आणि पडला.

त्याने खिशातून घड्याळ काढलं. पुढचा थेंब नऊ सेकंदांनी आला. त्याच्या पुढचाही नऊ सेकंदांनीच.

"काय आहे?" वहिनीने विचारलं.

"एक थेंब."

"लुकण देऊ?"

"नको. थोडा वेळ द्या तिला."

तो तिथेच मांडी घालून बसला. अर्ध्या तासाने थेंबांमधलं अंतर सव्वीस सेकंदांचं झालं. तासाभराने एक मिनिट दहा. हात सारखा पुढे जात होता, एक बोट दाबून ती रेघ बंद करून टाकायला. दर वेळी तो हात परत मांडीवर आणत होता. दाबायचं काही नव्हतं. कापूस मधलीने शिकवल्याप्रमाणे थोपटलेला होता, जागा सोडलेली होती, बाकीचं लाकडाने करायचं होतं.

"सुकाणूवर कोण बसणार?" आत्याने खुर्चीतून विचारलं. प्रश्न सगळ्यांना होता, पण काठीचं टोक होडीकडे होतं.

"मी धक्क्याला आदळीन," थोरला म्हणाला.

"आदळ. धक्का काही नवा नाही. मात्र हळू आदळ, मी इंजिनापाशी असेन."

एक थेंब पडला. त्याने वेळ बघितली.

"दादा, आणू का रे इंजिन?" भोंगा ओरडला. थोरल्याने हात वर केला. भोंगा गप्प झाला. मधलीने हातगाडीचं चाक पायाने अडवून धरलं. काठावर फक्त पाण्याचा होडीला लागणारा चुबुकचुबुक आवाज होता, तोही बाहेरून.

एक मिनिट झालं. दीड झालं. दोन मिनिटं. रेघ ओली होती, तिच्यावर उजेड चमकत होता, पण थेंब फुगत नव्हता. तीन मिनिटं. पाच वर्षांचा असल्यापासून कधीही तीन मिनिटं गप्प न राहिलेला भोंगा धक्क्यावर गप्प उभा होता. थोरल्याने आपला तळहात चौथ्या फळीवर ठेवला. त्याखाली पत्र्याचे जुने चरे लागले, थंड आणि ओलसर. हाताला लाकूड लागलं. ते दोन्ही बाजूंच्या फळ्यांना घट्ट भिडलं होतं.

चार मिनिटं. त्याने घड्याळ खिशात टाकलं.

"आणा इंजिन," तो म्हणाला.